जाताना ते काय म्हणाले

मिशी काजळाने काढलेली होती आणि बाहीने तोंड पुसल्यामुळे ती आता एकाच बाजूला उरली होती, तरी मैदानातल्या निम्म्या बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मुलींची शाळा, त्यामुळे सव्वीस जानेवारीच्या नाटकात जवानही मुलगीच. सातवीतली उंचशी पोर, वडिलांचा खाकी शर्ट गुडघ्यापर्यंत आलेला, खांद्यावर बंदूक म्हणून मिटलेली छत्री. तिच्यासमोर दुसरी एक बुटकी, नऊवारीत कशीबशी गुंडाळलेली, हातात निरांजनाचं ताट. ती दुसरी म्हणजे मी. पहिल्या रांगेतल्या लोखंडी खुर्चीवर बसून मी मलाच बघत होते. मी कुणाला ओवाळून लढाईला धाडलेलं नाही, पण नाटक शाळेच्या बाईंनी लिहिलं होतं आणि बाईंना ताट हवं होतं, तेव्हा ताट आलं. मिशीवालीने छाती पुढे काढली, लोकांकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी परत आलो नाही तर रडू नकोस, झेंड्याकडे बघ." टाळ्या पडल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी मान खाली घातली. हे आता मला जमतं. आणि ते वाक्य कानावर पडलं की मनातल्या मनात मी जे खरं वाक्य म्हणून घेते, ते म्हणायला गेले, तर तिथे काही नव्हतं.

अगदीच काही नव्हतं असं नाही. मिरजगावच्या स्टँडवरचा लिंब होता, एस.टी.चं घरघरणारं इंजिन होतं, गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून मागे वळलेले हे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज तेवढा नव्हता. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवत नाही, तसं असेल म्हणून मी घाबरले नाही. येईल, म्हटलं. माझा सत्कार झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली, शाल दोनदा घेतली कारण पहिल्या खेपेला फोटोवाल्याची तयारी नव्हती. पोरींना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. मिशीवाली येऊन माझ्या पाया पडली आणि "बरोबर म्हटलं ना मी?" म्हणून विचारून गेली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. वाक्य आलं नाही. शाळेच्या फाटकातून बाहेर पडले तरी आलं नाही.

ते झेंड्याचं वाक्य माझं आहे. यांचं नव्हे, माझं. मी रचलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार तरी कुणाला, आपलेच दात आणि आपलेच ओठ. आठ दिवसांपूर्वी गावाहून आप्पासाहेबांचं कार्ड आलं होतं. आप्पासाहेब म्हणजे आमच्या गावच्या शाळा समितीचे अध्यक्ष. गावातलं प्रत्येक नारळ फोडणं त्यांच्याच हातचं. शाळेपुढे स्मृतिस्तंभ उभा राहतो आहे, दगड घडून झाला, सव्वीस जानेवारीचा दिवस चांगला म्हणून त्याच दिवशी अक्षरं कोरायला सुरुवात करतो, वर नाव, खाली वीर जवानाचे अखेरचे शब्द. मग लिहिलं होतं, 'सूनबाई, आता हे काळ्या दगडावरची रेघ.' कार्ड वाचून मी ते डब्याखाली ठेवून दिलं होतं. मला वाटत होतं, बाहेर काय कोरायचं ते कोरू देत, खरं ते माझ्यापाशी आहे. आता माझ्यापाशीही नव्हतं. मी नगरातल्या माझ्या खोलीवर गेलेच नाही. शाल नारळासकट पिशवीत कोंबली आणि माळीवाड्याच्या स्टँडवर जाऊन सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले. हे निघाले त्या दिवशी मिरजगावच्या स्टँडवर माझ्या शेजारी आत्याबाई होत्या, माझ्या सासूबाई. त्यांचे कान चांगले आहेत. अक्षरं कोरून व्हायच्या आत त्यांना विचारायचं, एवढंच डोक्यात होतं.

गाडीत खिडकी मिळाली. नगर मागे पडलं की दोन्हीकडे नुसती जमीन, तीही यंदा धड जमीन दिसत नव्हती. ज्वारीची धाटं वीतभर येऊन वाळून गेलेली. रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चाललेलं, खडीचे ढीग आणि ढिगांमागे फडकी बांधून बसलेल्या बायका. ती माणसं आज सव्वीस जानेवारी म्हणून थांबलेली नव्हती. एका ढिगावर कुणीतरी कागदाचा झेंडा खोचला होता आणि त्याच्या सावलीला एक मूल झोपलं होतं. सावली केवढी, तर त्याच्या कपाळापुरती. मी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आमचं लग्न एकाहत्तरच्या वैशाखातलं. रजा महिन्याची होती, त्यातले अठ्ठावीस दिवस मला मिळाले. मग भाद्रपदात दहा. एकूण अडतीस दिवसांचा संसार, आणि त्यात मी त्यांचं नाव एकदाच तोंडाने घेतलं, लग्नातल्या उखाण्यात, तेही कुणाला ऐकू येईल न येईल असं. आता ते नाव लाऊडस्पीकरवर असतं. वीर जवान मच्छिंद्र अमर रहे, असं शेंबडी पोरंसुद्धा ओरडतात. नावावरचा माझा हक्क गेला त्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून वाईट हे, की त्या नावाचा जो माणूस लाऊडस्पीकरवर असतो त्याला मी कधी भेटलेलीच नाही. तो गंभीर आहे. तो लहानपणापासून देशाचा विचार करीत असे. भाषणात एक गुरुजी तर म्हणाले, की खेळतानाही तो सेनापतीच होत असे. हे सेनापती नव्हते. हे नकला करीत.

नकला करीत आणि त्या इतक्या हुबेहूब, की मला तोंड दाबून गोठ्याच्या आडोशाला पळावं लागे. आप्पासाहेब धोतराचा सोगा धरून चिखल चुकवत कसे चालतात; त्यांच्या पलटणीतला सुभेदार मराठी कसं बोलतो; माझे वडील लग्नात मानपानाच्या वेळी कसे आधी रुसले आणि जिलबी दिसल्यावर कसे हळूहळू निवळले. मला राग यायचा आणि रागातच हसू यायचं. ऊन डोळ्यांवर आलं की यांना शिंक येई, हमखास दोन. शिट्टी वाजवता येत नसे, नुसती हवा जाई. मॅट्रिकला गणित राहिलं आणि घरी तोंड दाखवायला नको म्हणून नगरला भरतीच्या रांगेत उभे राहिले, छाती मोजणाऱ्याने घ्या म्हटलं म्हणून घेतले गेले. हे त्यांनीच मला सांगितलेलं, तेही भरतीवाल्याची नक्कल करून. फोटो मात्र पलटणीतला आहे. टोपी, मिटलेले ओठ, डोळे समोर. तो सगळ्यांकडे आहे. माझ्याकडेही तोच आहे, दुसरा काढलाच नाही. पहिले सहा महिने मी डोळे मिटले की मला ते गोठ्याशी उभे दिसत. हल्ली डोळे मिटले की टोपी दिसते. रुईछत्तीशीला गाडी थांबली, चार माणसं चढली, आणि मी डोळे उघडले तेव्हा लक्षात आलं की मी मघापासून त्यांचं हसणं आठवत होते तेसुद्धा त्या फोटोतल्या तोंडावर बसवून.

तार आली ती अठरा डिसेंबरला. सोळाला रेडिओवर विजयाची बातमी लागली होती आणि सतराला आप्पासाहेबांनी गावात पेढे वाटले, हलगी लावून. मी दोन पेढे खाल्ले. एक माझा आणि एक आत्याबाईंनी तोंडात कोंबलेला, म्हणाल्या, आता येईल बघ रजेवर. ते नऊ तारखेलाच गेले होते. त्या पेढ्याची चव मला अजून जिभेवर येते आणि मग त्या दिवशी जेवण जात नाही. आत्याबाईंचं तर तारेनंतर जेवणच सुटलं. रडल्या नाहीत, बोलल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसल्या त्या बसल्याच. धाकट्या दिरांनी, बन्सींनी, भाकरीचा तुकडा तोंडापाशी नेला तर ओठ मिटून घेत. दूध तेवढं बळेच पाजायचं. गावात कुजबुज सुरू झाली, की म्हातारी काही महिना काढत नाही. आणि तशात सव्वीस जानेवारी आली. गेल्या वर्षाची, बाहत्तरची. शाळेच्या पटांगणात सगळा गाव. एरवी त्या दिवशी पोरं आणि मास्तर सोडून तिकडे कुणी फिरकत नसे, झेंडा म्हणजे शाळेचं काम. त्या दिवशी शेतावरची माणसं धुतलेले पटके बांधून आली होती. आत्याबाईंना दोघींनी दोन बाजूंनी धरून आणलं, मला खुर्ची दिली. माणसांपुढे खुर्चीवर बसायची माझी ती पहिली वेळ. आप्पासाहेब बोलता बोलता एकदम माझ्याकडे वळले आणि म्हणाले, सूनबाई, गावाला सांगा, जाताना तो काय म्हणाला. काहीतरी म्हणालाच असेल. आणि तो शिट्टी घालणारा माइक त्यांनी माझ्या तोंडापुढे धरला.

तेव्हा मला ठाऊक होतं. ही गोष्ट मला शपथेवर आठवते, की त्या क्षणी खरं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. आणि ते माइकमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. ते हसवणारं होतं. जाताना यांनी मला हसवलं होतं. सगळा गाव श्वास धरून उभा, झेंड्याची दोरी काठीवर आपटते आहे, मयताला दीड महिना झालेला आणि मी काय सांगणार? की गाडीच्या पायरीवरून ते काहीतरी बोलले आणि मी तोंडाला पदर लावून हसले? उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तसं झालं. शाळेत निबंधात लिहायचो ती भाषा आपोआप आली. मी म्हटलं, ते म्हणाले, मी परत आलो नाही तर रडू नकोस, झेंड्याकडे बघ. पुरुषमाणसं रडायला लागली. मी असे पुरुष रडताना पाहिले नव्हते. कोरडी, राकट तोंडं आणि त्यांवरून पाणी. आप्पासाहेबांनी माइक खाली केला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. घरी आल्यावर मी ठरवलं होतं की आत्याबाईंना सांगून टाकायचं, काहीतरी बोलून गेले, मनावर घेऊ नका. मी चुलीपाशी बसले. आत्याबाई माझ्या मागून आल्या, पाट ओढला आणि म्हणाल्या, भाकरी टाक. एक अख्खी भाकरी खाल्ली त्यांनी, कोरड्यासात कुस्करून, एकोणचाळीस दिवसांनंतर. त्यांचं चावणं मी ऐकत बसले. मग काय सांगायचं होतं ते राहून गेलं.

त्यानंतर वाक्य माझं राहिलं नाही. एक मेला तालुक्याला म्हटलं, पंधरा ऑगस्टला म्हटलं. मला नगरच्या कचेरीत नोकरी लागली तर साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, म्हणजे त्या वाक्याच्या त्या तुम्हीच का. प्रत्येक वेळी म्हणून झालं की मी मनात खरं वाक्य म्हणून घ्यायची, कडू औषधावर गूळ खातात तसं. कधी चुकवलं नाही. तो पंधरा ऑगस्ट मात्र मोठा होता, पंचविसावा स्वातंत्र्यदिन, एका दिवसात चार ठिकाणी सत्कार. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी नेहमीच्या पाहुणीला आणतात तसं तबक आणलं, बोटावर कुंकू घेतलं, माझ्या कपाळापाशी आणलं आणि बोट तिथेच अडलं. सगळं सभागृह त्या बोटाकडे बघत होतं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग वळून त्यांनी ते बोट टेबलावरच्या फोटोच्या काचेला लावलं, यांच्या कपाळाला. त्यालाही टाळ्या पडल्या. त्या दिवशी खोलीवर आले ती अंगात ताप घेऊनच, आणि खरं वाक्य म्हणायचं राहिलं. बहुतेक तेव्हापासूनच राहिलं. मी कधी मागे वळून बघितलं नाही, कारण तिजोरीत ठेवलेली वस्तू कुणी रोज उघडून बघत नाही. पावसाळा गेला, पाऊस आलाच नाही, गावातली दोन तरणी पोरं भरती झाली. जाताना दोघं नगरला माझ्या खोलीवर आली होती, पाया पडायला. त्यातला एक, साळूबाईचा, म्हणाला, वहिनी, मीबी आईला तेच सांगून आलोय, झेंड्याकडं बघ. त्याचे दात पुढे होते आणि तो हसत होता. मी त्याला चहा करून दिला. आता वाटतं, त्याला सांगायला हवं होतं, की बाबा, आईला तुझं काय ते सांग.

मिरजगाव जवळ येत होतं तशी मला घाई झाली. मी नीट, क्रमाने लावून बघितलं. भाद्रपदातला तो दिवस. गाडी उशिरा आली. बन्सींनी ट्रंक टपावर चढवली. आत्याबाईंनी तळहातावर दही घातलं, ते यांनी खाल्लं आणि मिशीला थोडं लागून राहिलं. लिंबाखाली एक शेळी होती. कंडक्टरने घंटी मारली. यांनी पायरीवर पाय ठेवला, वळले, मान जराशी खाली आणली, आणि. मी हसले, पदर तोंडात धरून, आणि आत्याबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. एवढं पक्कं होतं. मग ते दह्याबद्दल असेल का? शेळीबद्दल? कंडक्टरची नक्कल? मी एकेक वाक्य रचून बघू लागले आणि हसू येतं का त्याची वाट बघू लागले, कारण ज्याला हसू येईल तेच खरं असणार. शेळीला माझी जागा ठेवायला सांग. नाही. सुभेदाराला तुझा निरोप देतो. नाही. मी इतकं मन लावून स्वतःला हसवायला बघत होते, की शेजारच्या म्हातारीने विचारलं, पोरी, बरं वाटत नाही का. दहा-बारा वाक्यं झाली. सगळी मेलेली. त्यातलं एखादं खरंही असेल, आणि मला ओळखू आलं नसेल, या विचाराने मला फार भीती वाटली. नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी मिळून मला धरलं होतं. हे जे चाललं होतं ते कुणाला दाखवता येण्यासारखंही नव्हतं.

मिरजगावला उतरून आमचं गाव दोन मैल. वाटेतल्या विहिरींचे तळ दिसत होते. गाव रिकामं होतं, चालती फिरती माणसं सगळी पाझर तलावाच्या कामावर. शाळेपुढे मात्र नवा झेंडा होता आणि त्याच्या पलीकडे गोणपाटावर तो काळा दगड आडवा ठेवलेला. दगडाशी भीमा बसला होता. तो पाथरवट, जात्या-पाट्यांना टाकी लावणारा माणूस, तोही या साली खडी फोडायला गेला होता, आप्पासाहेबांनी तिथून उचलून आणला. आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूला, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन आत्याबाई. शेजारी पाण्याची कळशी. एवढ्या टंचाईत घरच्या पाण्यातली अर्धी कळशी त्या दगड घडत होता तेव्हापासून रोज इथे आणतात, भीमाला प्यायला आणि दगड धुवायला, हे बन्सींनी मला आधीच सांगितलं होतं. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. सरकून जागा केली. अंगाने भरल्या होत्या, तोंडावर तकाकी होती. वरचं नाव कोरून झालं होतं. खालच्या ओळी दगडावर खडूने लिहिलेल्या होत्या, त्यांना अजून छिन्नी लागली नव्हती. मी पाणी प्यायले. मग भीमा चिलीम भरायला शाळेच्या ओट्याकडे गेला तेव्हा विचारलं.

"आत्याबाई, त्या दिशी स्टँडवर, गाडीत चढताना ते मला काय म्हनले हुते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दगडाकडे. "तूच तर सांगितलंस की समद्या गावाला."

"मी सांगितलं ते ऱ्हाऊ द्या. तुमाला काय ऐकू आलं ते सांगा. तुमी माझ्या बाजूलाच हुतात."

"ह्येच." त्यांनी खडूच्या ओळीवर बोट ठेवलं, हलकेच, पुसू नये म्हणून. "ह्या कानांनी ऐकलंय मी. तुला म्हनला, पन मला ऐकू यावं म्हनून वाईच मोठ्यांदा म्हनला. रोज आंथरुनात पडलं की ऐकू येतंय. आवाज बसला हुता त्याचा जरा, दही खाल्लं हुतं न्हवं."

तरी मी थांबले नाही, कारण अजून एक गोष्ट माझ्यापाशी होती आणि ती पक्की होती.

"आत्याबाई, मी हसले हुते तवा. तोंडाला पदर लावून हसले. तुमी माझ्याकडं डोळं वटारून बघितलं."

"हसशील कशाला?" त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. "रडत हुतीस तू. पदर तोंडात घालून, खांदं हालत हुतं तुझं. जानाऱ्याम्होरं डोळ्याला पानी आनू न्हाई, म्हनून मीच वटारलं डोळं. नवरा पलटनीत चालला अन हसंल का कुनी बाईमानूस? लई दिस झालं पोरी, इसरली असशील. मी न्हाई इसरले."

मी पुन्हा ते सगळं डोळ्यांपुढे आणलं. लिंब, गाडी, पायरी, पदर. खांदे हलत होते, हे खरं. हसताना हलतात तसे की रडताना हलतात तसे, ते मला बाहेरून दिसेना. पदर ओला होता का, कोण जाणे. त्यांनी इतक्या मायेने सांगितलं होतं, की क्षणभर वाटलं, त्याच बरोबर असतील. अडतीस दिवसांच्या बायकोपेक्षा आईला जास्त माहीत असणारच. मग ती नक्कल करणारा, दोनदा शिंकणारा माणूसही मी कुठूनतरी आणून बसवला असेल, वाक्य आणलं तसाच. मला त्यांना गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, की तुमचा मुलगा नकला करायचा की नाही, सांगा. विचारलं नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? बाजूला कळशीत थोडं पाणी उरलं होतं, ते त्यांनी ओंजळीत घेऊन दगडाच्या कोरलेल्या भागावर शिंपडलं आणि पदराने नावाची अक्षरं एकेक करून पुसली. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. या बाईला मी एकदा जेवायला लावलं होतं, याखेरीज मला तेव्हा काही सुचलं नाही.

भीमा आला. त्याने छिन्नी उचलली, मग खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, बाई, आपल्याला काय वाचता येत नाही. मास्तरांनी कागदावर दिलं तसंच्या तसं उतरवलंय. तुमी शिकलेल्या, अन तुमचंच हाय.

"एकडाव वाचून बगा. छिन्नी लागली की माघारी न्हाई येत."

आत्याबाईंनी सरकून मला दगडासमोर जागा दिली. नको म्हणायला तेवढाच वेळ होता. मी म्हणू शकले असते, की हे पुसा. नुसतं नाव राहू द्या. भीमाने काही विचारलं नसतं, ओल्या फडक्याने एका हातासरशी पुसून टाकलं असतं. मग आप्पासाहेब आले असते आणि त्यांनी विचारलं असतं, की मग जाताना तो काय म्हणाला? आत्याबाईंनी विचारलं असतं. साळूबाईने विचारलं असतं. त्यांना द्यायला माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. मी हसले होते, एवढंही आता खात्रीने सांगता आलं नसतं.

मी खडूच्या अक्षरांवर बोट ठेवून, सावकाश, मोठ्याने वाचलं. "मी परत आलो नाही तर रडू नकोस, झेंड्याकडे बघ." माझ्याबरोबर आत्याबाईंचे ओठ हलत होते.

बरोबर आहे, मी भीमाला सांगितलं. आणि सांगता सांगता कळलं, की वाचताना ते वाक्य मला यांच्या आवाजात ऐकू आलं होतं, जरासा बसलेला, दही खाल्ल्यासारखा.